डावं पेडल

गोपाळराव वैरागडे हिंगण्याच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवत. पहिल्या पाळीची माणसं महालात, गांधीगेटपाशी चढायची, डोकं काचेला टेकवायची आणि तिथेच झोपायची. कारखान्याचं फाटक येईपर्यंत बहुतेकांना जाग येत नसे, आणि ती येत नसे याचा गोपाळरावांना मोठा अभिमान होता. खड्डा कुठे आहे, म्हशी कुठे आडव्या येतात, कोणत्या चौकात पोरं सिग्नल न बघता गाडी घालतात, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. "स्टीअरिंग हातात घेतलं का मले विचार करा लागत नाही," ते म्हणायचे. "हातालेच मालूम असते."

बसमध्ये न झोपणारा एकच माणूस होता, धम्मानंद गजभिये. कारखान्यात मेंटेनन्सचा फिटर. तो मेडिकल चौकात चढायचा आणि केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असलेल्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसायचा. ही सीट त्याचीच, दुसरं कुणी तिथे बसत नसे. तिथून त्याची बडबड सुरू व्हायची. कूलरची गवत-ताटी यंदा कशी लवकर सडली, पोरगी रितिका बारावीत किती जागते, सुपरवायझर कसा कामचुकार आहे. गोपाळराव समोरून नजर न काढता "हव, हव" करायचे. इतक्या वर्षांत दोन्ही घरांचं एकमेकांकडे जाणंयेणं झालं होतं. गोपाळरावांच्या बायकोच्या, कौसल्याबाईंच्या हातचा वडाभात धम्मानंदला फार आवडायचा, आणि धम्मानंदच्या बायकोने, सुमतीने केलेली पाटवडी गोपाळराव रस्सा संपेपर्यंत सोडत नसत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी हिंगणा नाका ओलांडल्यावर बस हळूहळू डावीकडे सरकायला लागली. रस्त्याच्या कडेला लोखंडी पाइप भरलेला एक ट्रेलर उभा होता. मागे बसलेल्यांपैकी ज्यांना तेवढ्यात जाग आली होती त्यांनी धम्मानंदचा आवाज ऐकला, "भाऊ! गाडी डावीकडे जाऊन राहिली ना, भाऊ!" आणि मग बसची डावी बाजू त्या ट्रेलरमध्ये घुसली.

धम्मानंद जागच्या जागी गेला. बाकीच्यांना मार लागला, कुणाचा हात मोडला, कुणाचे दात पडले. गोपाळरावांना वरून फारसं काही लागलं नव्हतं. पण त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि डावा हात, डावा पाय ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. स्टीअरिंगवर असतानाच त्यांना लकवा मारला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला, बसची तपासणी झाली. स्टीअरिंग, ब्रेक, सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी लिहून दिलं की झटका आधी आला आणि अपघात नंतर. त्यामुळे गुन्हा काही टिकला नाही. गोपाळरावांना कुणीच दोष दिला नाही. ज्यांचे दात पडले तेसुद्धा दवाखान्यात केळी घेऊन भेटायला आले.

आणि येणाऱ्या प्रत्येकाला गोपाळराव वाकड्या तोंडाने, लाळ पुसत एकच गोष्ट सांगायचे. "मी फिरवलं होतं गा स्टीअरिंग. धम्मा ओरडला तसं दोन्ही हातांनी उजवीकडे ओढलं. पुरं ओढलं. गाडीनंच ऐकलं नाही."

त्यांना ते स्पष्ट आठवत होतं. तळहाताखालचं ते घासलेलं रबर, खांद्यात आलेला ताण, सगळं. पुढच्या सीटवरच्या एका कामगाराने जबाबात सांगितलं होतं की ड्रायव्हर नुसता बसून होता, हातसुद्धा हलला नाही. ते कळल्यावर गोपाळराव पलंगावरूनच ओरडले. "झोपला होता तो! त्याले काय दिसलं असन?"

धम्मानंदच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर सुमती वॉर्डात आली. पांढऱ्या साडीत, हातात नारळपाण्याची बाटली. ती पलंगापाशी उभी राहिली तेव्हा गोपाळरावांना रडू आवरेना. रडता रडता त्यांनी तिलाही तेच सांगितलं.

"मले मालूम आहे भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही हात सोडून देणारे माणूस नोहे."

ते वाक्य घेऊन गोपाळराव घरी आले आणि जुन्या शुक्रवारीतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. फिजिओथेरपीची बाई आठवड्यातून एकदा यायची, व्यायाम दाखवायची आणि जायची. ती गेली की ते पाय जसाच्या तसा ठेवून द्यायचे. कौसल्याबाई तेल लावायच्या, रागवायच्या, पदराने डोळे पुसायच्या. "पाय बरा करून जाऊ कुठं?" हा गोपाळरावांचा प्रश्न.

त्यांची मुलगी भावना खामल्याकडे एका फ्लाइट सिम्युलेटरच्या, म्हणजे पडद्यावर विमान चालवायचा सराव देणाऱ्या सेंटरमध्ये कामाला होती. मोबाइलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. पायलट व्हायची स्वप्नं बघणारी पोरं तिथे यायची, कुणी वाढदिवसाची गंमत म्हणून यायचं. भावना फोन घ्यायची, वेळा लावायची आणि आलेल्याला खुर्चीत बसवून सुरुवातीचं सगळं समजावून सांगायची. पावसाळा लागला तेव्हा एक दिवस तिने विषय काढला.

"बाबा, आमच्या इथं पायानं दाबायचे पेडल असतात. दुपारी कोणी नसते. तुम्ही नुसतं बसा, पाय चालवा. घरी तर तुम्ही करतच नाही."

"मी काय विमान चालवू?"

"उडवा लागत नाही. जमिनीवरच फिरवायचं."

जमिनीवर फिरवायचं, हे ऐकून ते तयार झाले असावेत. कौसल्याबाई आणि भावना दोघींनी धरून त्यांना जिना चढवला. अर्ध्यात बसावं लागलं.

खुर्ची मोठी होती. समोर तीन पडदे, मधोमध अर्ध्या चाकासारखं हँडल आणि खाली दोन रुंद पेडल. भावनाने मुद्दाम आपल्याच शहरातला सोनेगावचा विमानतळ लावला होता. पडद्यावर उन्हाने भाजलेलं काँक्रीट, पिवळी रेघ आणि लांबवर वर्धा रोडच्या बाजूची झाडं. गोपाळराव बघत राहिले. इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच असा मोकळा रस्ता समोर पाहिला होता. भावनाने त्यांचा डावा पाय पेडलवर ठेवून पट्टा बांधला, उजवा त्यांनी स्वतः ठेवला. तिने इंजिनाचा दांडा थोडा पुढे ढकलला. इंजिनाचा आवाज वाढला आणि ते लहानसं विमान रांगायला लागलं.

पिवळी रेघ पुढे उजवीकडे वळत होती. गोपाळरावांनी उजव्या हाताने हँडल धरलं आणि वळवलं. विमान सरळच चाललं. त्यांनी आणखी वळवलं, मग अंगाचा जोर लावून शेवटपर्यंत ओढलं. रेघ निघून गेली, काँक्रीट संपलं आणि विमान गवतात जाऊन डुगडुगत थांबलं.

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. हँडल अजून उजवीकडेच ओढून धरलेलं होतं.

"बाबा, सोडा ते," भावना घाईने म्हणाली. आपण हे आधी सांगायला हवं होतं, हे तिच्या लक्षात आलं. "जमिनीवर त्यानं काही होत नाही. ते हवेत कामाचं. जमिनीवर विमान पायानं वळते. उजवं पेडल दाबलं का उजवीकडे, डावं दाबलं का डावीकडे."

"स्टीअरिंगनं वळत नाही?"

"नाही."

"मंग कायले ठेवलं ते?"

कौसल्याबाई म्हणाल्या, "चाल वं, घरी नेऊ यायले. चेहरा पाहा कसा झाला." पण गोपाळराव उठेनात. त्यांनी हँडलवरून हात काढला आणि मांडीवर ठेवला. "पुन्हा लाव," ते भावनाला म्हणाले.

ते रोज जायला लागले. भावना कामावर जाताना त्यांना ऑटोने न्यायची, कौसल्याबाई संध्याकाळी आणायला यायच्या. उजवीकडचं वळण त्यांना लवकर जमलं. उजवा पाय चांगलाच होता. तो दाबला की विमानाचं नाक वळायचं, थोडा सोडला की सरळ व्हायचं. पेडलची वरची कड पंजाने दाबली की ब्रेक लागतो, तेही त्या पायाने जमलं. पण डावीकडे वळायची वेळ आली की विमान सरळ जाऊन कडेच्या दिव्यांवर चढायचं.

"तुमचं हे मशीन खराब आहे," ते एके दिवशी चिडून म्हणाले. "डावं पेडल लागतच नाही. मी दाबून राहिलो."

भावनाने स्वतः वाकून ते पेडल हाताने दाबलं. पडद्यावर विमानाचं नाक डावीकडे वळलं. "लागते बाबा."

"मी दाबलं तं काहून नाही लागत?"

ती टेबलाखाली उकिडवी बसली. "आता दाबा."

"दाबलं."

ती वाकून पेडलकडे बघत राहिली.

"दाबलं ना! किती जोर लावू?"

"बाबा," ती खालूनच म्हणाली, "पाय हललाच नाही."

"दाबून राहिलो म्हणतो ना मी तुले!"

मग ते स्वतः वाकले. कष्टाने वाकले, उजव्या हाताने टेबलाची कड धरून. पट्ट्याखाली त्यांचा पाय दिसत होता, सुजलेला, नखं वाढलेली. त्या पायाकडे बघत त्यांनी पेडल दाबलं. त्यांना मांडीत जोर जाणवला, घोट्यात ताण जाणवला, पेडल खाली गेलेलं जाणवलं. आणि डोळ्यांसमोर पाय तसाच पडून होता. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा सगळं जाणवलं. पाय पडूनच.

किती वेळ ते तसे वाकून होते कोण जाणे. शेवटी भावनाने खांदे धरून त्यांना सरळ बसवलं.

"डॉक्टर असं काही बोलले होते का?" त्यांनी विचारलं.

भावना पायाचा पट्टा सोडवायला लागली.

"बोलले होते का वं?"

"बोलले होते," ती म्हणाली. "या झटक्यात असं होते म्हणे. माणसाले वाटते का हात हलवला, पाय हलवला. हललेला नसते."

"कधी सांगितलं होतं?"

"दवाखान्यात होते तवाच."

"मले काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही येईल त्याले तेच सांगून राहिले होते. तेवढ्यावरच तं तुम्ही तगून होते."

त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सेंटरला निघाले नाहीत. पलंगावर बसून ते आपला डावा हात उजव्या हाताने उचलायचे, हवेत सोडायचे आणि तो पडताना बघायचे. ते घासलेलं रबर अजूनही तळहाताखाली लागत होतं, खांद्यातला ताण अजूनही जात नव्हता. पण पेडल दाबल्याचंही असंच जाणवलं होतं. पुढच्या सीटवरचा तो कामगार खरं बोलला होता. तो झोपला नव्हता.

थोड्या दिवसांनी त्यांनी भावनाला म्हटलं, "मले इमामवाड्यात घेऊन चाल. सुमतीबाईकडे."

"काहून?"

"तिले सांगा लागन."

"नका सांगू बाबा," भावना म्हणाली. कौसल्याबाईही तेच म्हणाल्या. पण गोपाळराव हट्टाला पेटले. मी त्या बाईजवळ खोटं बोललो, हे एकच ते धरून बसले.

सुमतीच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोशेजारी धम्मानंदचा फोटो लागला होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. सुमतीने खुर्ची दिली, पाणी दिलं, कौसल्याताई कशा आहेत विचारलं. गोपाळरावांनी पाण्याला हात लावला नाही. त्यांनी सगळं सांगितलं, पेडलचं, पायाचं. मग म्हणाले, "मी फिरवलं नव्हतं स्टीअरिंग. मले वाटलं फिरवलं. धम्मा ओरडला अन् मी नुसता बसून होतो."

सुमती समोर बसली.

"तुम्ही मले हे काहून सांगून राहिले?"

"खरं आहे म्हणून."

"माही पोरगी रात्री उठून बसत होती," सुमती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिले मी सांगत आली का काकांनं शेवटपर्यंत धडपड केली. का तुह्या बाबाले वाचवणारं कोणीतरी होतं बाजूले. तेवढ्यानं ती झोपत होती. आता ते बी घेऊन चालले तुम्ही." ती उठली आणि पाण्याचा पेला उचलून आत घेऊन गेली. "जा भाऊ. तुमचं मन हलकं झालं असन तं जा."

परतताना भावनाने पाहिलं, आतल्या दाराच्या पडद्याखाली रितिकाची पावलं दिसत होती. ती सगळं ऐकत उभी होती.

मन हलकं झालं नव्हतंच. पण त्यानंतर गोपाळराव पुन्हा सेंटरला जायला लागले. आता भावनाने टेबलाच्या पायाला एक आरसा टेकवून ठेवला होता. त्यात डावा पाय दिसायचा. पाय आरशात बघत दाबायचा, हा त्यांचा व्यायाम. बहुतेक वेळा काही होत नसे. एखाद्या वेळी अंगठ्याजवळ काहीतरी हलायचं आणि विमानाचं नाक डावीकडे केसभर सरकायचं.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी रितिका जिना चढून आली. कॉलेजची बॅग पाठीवर, ओढणी घामाने भिजलेली. भावना उठून उभी राहिली. रितिका सरळ आत गेली.

"काका, मला दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"ते कसं होतं ते."

गोपाळरावांनी नजर खाली घातली. मग बाजूच्या स्टुलाकडे बोट केलं. ते त्यांच्या डाव्या हाताला होतं. ती बसली. भावनाने आरसा काढून घेतला, कारण रितिकाने तो काढायला सांगितला. विमान रांगायला लागलं. पिवळी रेघ डावीकडे वळत होती.

"आता दाबलं?" रितिकाने खाली बघत विचारलं.

"हव."

"नाही दाबलं."

विमान गवतात गेलं. भावनाने परत रेघेवर आणून ठेवलं.

"आता?"

"दाबलं."

"नाही."

"आता?"

"दाबलं वाटते."

"नाही, काका."

असं कितीतरी वेळ चाललं. भावनाला वाटत होतं मध्ये पडावं, हिला थांबवावं, पण गोपाळराव प्रत्येक वेळी मान हलवून पुन्हा सुरू करायला सांगत होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. एकदा ते म्हणाले, "आता नाही जमलं मले, कळलं," आणि रितिका म्हणाली, "आता हलला होता. थोडासा." पडद्यावर विमान खरंच जरासं डावीकडे वळलं होतं. दोघंही त्याकडे बघत राहिले.

रितिकाने बॅग मांडीवर ओढली.

"म्हणजे तुम्हाला कळलंच नाही."

"नाही, बाई."

"शेवटपर्यंत नाही?"

"नाही."

ती थोडा वेळ बॅगेची चेन उघडत-लावत बसली. "पण बाबाले कळलं असन," ती म्हणाली. कॉलेजातली भाषा सुटून तिच्या तोंडी घरची बोली आली होती. "ते तं बाजूलेच बसून होते. तुमचा हात पाहून राहिले होते. त्यायले दिसलं असन का तुम्ही फिरवत नाही म्हणून."

जे गोपाळरावांनी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं, ते ही पोरगी शांतपणे बोलून बसली होती.

"हव," ते शेवटी म्हणाले. "दिसलं असन."

रितिकाने डोळे पुसले नाहीत. उठली, आईला इथे आल्याचं सांगू नका म्हणाली आणि निघून गेली. भावना तिच्यामागे खाली गेली, बसस्टॉपपर्यंत सोबत चालली. रितिका वाटेत एवढंच बोलली की घरी सगळे म्हणतात बाबांना काही कळलंच नसेल, क्षणात झालं असेल. आणि आपल्याला ते कधी पटलं नव्हतं. मग बस आली.

ती पुन्हा कधी आली नाही. सुमतीला पुढे कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं, असं कुणीतरी कौसल्याबाईंना सांगितलं. वडाभाताचा डबा घेऊन त्या एकदा इमामवाड्यात जाऊन आल्या. सुमतीने डबा घेतला, दुसऱ्या दिवशी धुऊन शेजारणीच्या हाती परत पाठवला. त्यात काही भरून पाठवलं नव्हतं.

थंडी पडेपर्यंत गोपाळरावांचा पाय अर्धामुर्धा आला. डावीकडचं रुंद वळण त्यांना जमायला लागलं, आखूड वळण नाही. विमान जागेवरून काढायचं, रेघ धरून धावपट्टीच्या तोंडाशी न्यायचं, इथपर्यंत ते नेत. तिथे ब्रेक दाबून थांबत. एकदा भावना म्हणाली, "आता उडवून पाहता का बाबा? मी सांगते." त्यांनी मान हलवली. "वर जाऊन काय करू?" असं म्हणून त्यांनी विमान उजवीकडून वळवलं आणि हळूहळू परत आणून उभं केलं.

जिना उतरताना भावना एक पायरी पुढे असायची, पाठ खालच्या बाजूला आणि तोंड त्यांच्याकडे करून. उजव्या हाताने कठडा धरून ते डावा पाय खाली सोडायचे. पाय टेकला असं त्यांना वाटायचं, तरी ते मान वाकवून बघायचे. टेकलेला दिसला की मग उजवा उचलायचे. खालच्या मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असायची, आणि वरून कुणी उतरत आहे म्हणून लोक जिन्याच्या तोंडाशी थांबून राहायचे.